माळवदाचा गारवा हवा, वजन नको: काळ्या रानातल्या गावात दगडी घर

शिवार_औसा
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात गावठाणातलं जुनं माळवद (लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर) उतरवून त्याच जागी राहतं घर बांधायचं आहे. जागा ४० × ६० फूट, रस्ता पूर्वेला. घर साधारण २८ × ३६ फूट, एकमजली. खाली काळी माती, साडेचार-पाच फुटांवर मुरूम लागतो. जुन्या घराचा काळा दगड भरपूर निघेल. सागवानी तुळया आणि कड्याही (तुळयांवरची छत पेलणारी लाकडं) बऱ्याच आहेत, काहींची टोकं भिंतीत कुजलेली दिसतात.

गावातले ठेकेदार एकच सांगतात: आरसीसी कॉलम, सहा इंची वीट, वर स्लॅब. अशा घरात एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही बसवत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दुसरीकडे १९९३ च्या भूकंपाचं किल्लारी इथून जवळ, त्यामुळे दगड-मातीची भिंत आणि धाब्याचं (मातीचं) छत म्हटलं की घरातले घाबरतात, आणि ते चूक नाही.

विचारायचं ते असं: दगडी भिंत सुरक्षित करता येते का? मातीचं छत पुन्हा करावं का, केलं तर किती जाडीचं? आणि काळ्या मातीत पाया कसा घ्यावा? एसी बसवायचा नाही, कूलर चालेल.

ओळंबा
आधी वजनाचा हिशेब मांडू, मग बाकीचं आपोआप सुटेल.

कोरडी दाबलेली माती घनमीटरला साधारण १६०० किलो. तुमच्या माळवदावर आज दोन फूट माती असेल (दर पावसाळ्याआधी पांढरीचा (पांढऱ्या मातीचा) नवा थर पडत गेला की पन्नास वर्षांत तेवढी होतेच), तर चौरस मीटरला ९६० किलो. १० × १२ फुटांच्या एका खणावर ही झाली साडेदहा टन. भिजली की आणखी वाढते. भूकंपात घराला बसणारा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणात असतो, आणि इथे सगळं वजन डोक्यावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला लोक घरात झोपलेले होते आणि जीव गेले ते मुख्यतः या भाराखाली आणि दगडाखाली. भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच.

आता गारव्याचा हिशेब. दिवसभराच्या उन्हाची लाट मातीत उतरते तेव्हा दर १२ सेमीला तिचा चढउतार सुमारे एक तृतीयांश उरतो आणि ती साडेतीन-चार तास मागे पडते. १५ सेमी मातीखाली तीस टक्क्यांच्या आत, ३० सेमीखाली आठ टक्के. म्हणजे छताचा वरचा पृष्ठभाग सरासरीच्या २० अंश वरखाली होत असेल, तर ३० सेमीखाली तो दीड-दोन अंशच हलतो. त्याखाली आणखी फूटभर माती टाकून तुम्ही वाचवणार ते उरलेले दीड अंश, आणि त्यासाठी खणामागे पाच टन उचलणार. माळवदाचा गारवा वरच्या फूटभर थरातून येतो, बाकीचा नुसता साठलेला इतिहास.

म्हणून सल्ला: मातीचा थर १५ सेमीच्या वर नेऊ नका. तो चौरस मीटरला २४० किलो, म्हणजे १२५ मिमी स्लॅबपेक्षाही (३१० किलो) हलका. राहिलेली कसर पांढऱ्या पृष्ठभागाने आणि रात्रीच्या हवेने भरून काढायची. आणि 'दरवर्षी थोडी माती टाकू' ही सवय पूर्ण बंद. गळती लागली तर जुना थर खरवडून काढा, मगच नवा द्या.

जाता जाता: जुन्या घरांत जिथे छत लाकडी खांब-तुळयांवर स्वतंत्र उभं होतं, तिथे किल्लारीत पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर पडल्या तरी छत उभं राहिलं. छताचा भार थेट भिंतीवर होता तिथे दोन्ही एकदम आलं. तुमच्या घरात खांब असतील तर ते विकू नका.

जोतं_आणि_चर
पायाचं मी सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. पाया त्या हलणाऱ्या थरात ठेवला की कोपऱ्यातून खिडकीकडे तिरपी चीर ठरलेली. तुमच्याकडे पाच फुटांवर मुरूम आहे, हे नशीब समजा. मुरूम आठ-दहा फुटांवर असता तर पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्यावे लागले असते. चर सरळ मुरमापर्यंत न्या आणि मुरमात किमान सहा इंच रुतवा. चारही बाजूंना एकाच जातीचा थर लागला पाहिजे. एक कोपरा मुरमावर आणि दुसरा काळीवर, असं झालं तर तो कोपरा एक दिवस तुम्हाला सांगेल.

चराची रुंदी तीन फूट. तळाला १५० मिमी साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा थर (१:४:८), वर दगडाचं बांधकाम पायऱ्यांनी कमी करत १८ इंचांवर आणा. जोत्याच्या माथ्यावर आरसीसी पट्टा: भिंतीच्या रुंदीइतका, १५० मिमी जाड, १० मिमीच्या चार सळ्या, ६ मिमीच्या रिंगा १५० मिमीवर. हा पट्टा घरभर अखंड हवा, दाराखालीसुद्धा. पुष्कळ गवंडी दारात तोडतात.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. चरातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरतात, कारण ती फुकट असते. दोन पावसाळ्यांत फरशी वर येते आणि आतल्या भिंती उचलल्या जातात. जोत्यात फक्त मुरूम, सहा-सहा इंचाच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसने ठोकून. फरशीखालची काळीही दोन-अडीच फूट उकरून काढा आणि तिथे मुरूम भरा.

घराभोवती चार फूट रुंद फरसबंदी, बाहेर उतार वीस फुटाला एक फूट. पन्हळीचं पाणी तिच्यापलीकडे पडलं पाहिजे. न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका, एका कोपऱ्याचीच माती बारमाही ओली राहिली तर पाया असमान हलतो. झाडाचंही तसंच: कडुनिंब जेवढा उंच होणार तेवढ्या अंतरावर लावा.

शिवार_औसा
खूप उपयोगी. भिंतीबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? जुनी भिंत अडीच फूट रुंद आहे. तीच रुंदी ठेवली तर जास्त मजबूत नाही का? आणि काढलेला दगड तसाच वापरावा का?

दोनपदरी
उलट आहे. जुनी अडीच फुटी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती: आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोघांना जोडणारा एकही दगड नसतो. हादरा बसला की मधली भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते, आणि पदर सुटतात. रुंदी वाढली की भर वाढते, जोड मात्र वाढत नाही. म्हणून दगडी भिंतीची जाडी ४५० मिमीच्या वर नेऊ नका, ३८० ते ४५० पुरे. कमी मजबुतीच्या दगडी बांधकामाचा भारतीय मानक (आयएस १३८२८) हीच मर्यादा देतो.

जोडदगड हा या सगळ्याचा जीव. भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड, दर दोन फूट उंचीला एक रांग, रांगेत दोन दगडांमधलं अंतर जास्तीत जास्त चार फूट. वरखालच्या रांगांमध्ये ते एकावर एक येऊ देऊ नका. तेवढे लांब दगड मिळत नसतील तर काँक्रीटचे ओतून घ्या: ४ × ४ इंच, भिंतीच्या जाडीइतके लांब, मध्ये ८ मिमीची एक सळई. तुमच्या घराच्या बाहेरच्या आणि आतल्या मिळून साधारण १८० फूट भिंतींना दारं-खिडक्या वगळून दीडशेच्या आसपास लागतील. दोनशे ओतून ठेवा, काही फुटतात. भिंत सुरू होण्याआधी महिनाभर हे काम उरका, नाहीतर ऐनवेळी गवंडी 'दगडच लांब घालतो' म्हणतो आणि घालत नाही. खूण म्हणून प्रत्येकाच्या बाहेरच्या तोंडाला चुन्याचा ठिपका द्या आणि गिलाव्याआधी मोजा.

काढलेला दगड वापरा, पण माती खरवडून आणि धुऊन. काळी माती चिकटलेल्या दगडाला मसाला धरत नाही. गोल धोंडे पायात टाका किंवा फोडून घ्या, भिंतीत चपटे, कोनदार दगड. मसाला सिमेंट-वाळू १:६, किंवा चांगला चुना मिळाला तर चुना-वाळू १:३. मातीत बांधू नका. एका वेळी दोन फुटांपेक्षा उंच चढवू नका आणि त्या थरात पोकळ्या सिमेंटच्या लगद्याने नाही, चिपा मसाल्यात बसवून भरा.

दारा-खिडक्यांवरून घरभर अखंड पट्टा: ७५ मिमी जाड, १० मिमीच्या दोन सळ्या, त्यांना बांधणाऱ्या आडव्या रिंगा १५० मिमीवर. तसाच एक छताखाली. कोपऱ्यात सळ्या एल आकारात वळवून दोन्ही भिंतींत किमान दीड-दोन फूट जायला हव्यात. कोपऱ्यात नुसत्या टोकाला टोक लावलेल्या सळ्या म्हणजे पट्टा नाही.

कोपऱ्यांत आणि टी-जोडांत पायापासून छतापर्यंत १२ मिमीची उभी सळई. दगडी भिंतीत ती अशी बसवा: सळईभोवती तीन इंची पीव्हीसी पाइपचा अडीच फुटी तुकडा घाला, भोवती बांधकाम चढवा, मधूनमधून पाइप फिरवत राहा म्हणजे चिकटणार नाही. थर झाला की पाइप वर ओढा आणि पोकळी बारीक खडीच्या काँक्रीटने ठोसून भरा. खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब ठेवा, दोन खिडक्यांमध्येही तेवढंच. कोनाडे-देवळ्या करायच्या तर आतल्या भिंतींत, कोपऱ्यांपासून दूर, नऊ इंचांपेक्षा खोल नाही.

ता. क. लातूर भाग आधी भूकंप नकाशात सर्वात खालच्या झोनमध्ये होता. २००२ च्या सुधारणेत तो झोन ३ मध्ये आला. नकाशे नंतरही बदलतात. म्हणून वरचे आकडे किमान धरा आणि आराखडा स्थापत्य अभियंत्याकडून तपासून सही करून घ्या.

सावलीची_बाजू
भिंत-पाया झाला, आता उन्हाकडे. औसा १८ अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो उत्तरेला झुकतो. म्हणजे उन्हाळ्यात घर तापतं ते छताने आणि पश्चिमेच्या भिंतीने. दक्षिण फार त्रास देत नाही: दीड-दोन फुटांचा सज्जा पुरेसा, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला दुपारी ४८ अंशांपर्यंतच चढत असल्याने सकाळचं ऊन आत येतंच, ते हवंही असतं. पश्चिमेला मात्र सज्ज्याचा उपयोग शून्य, कारण चार वाजता ऊन समोरून येतं. तिथे न्हाणी, धान्याची खोली, लाकूडफाटा अशा ओळीने ठेवा, खिडक्या लहान आणि कमी. उरलेल्या भागाला सहा-सात फुटी पडवी. झोपायच्या खोल्या पूर्व-उत्तरेला.

तुमचा रस्ता पूर्वेला आहे, तेव्हा पुढे सोपा (ओसरी), मध्ये छोटा चौक, मागे परसू ही जुनी मांडणी फुकटात चालते. चौक १० × १० फुटांचा पुरे. मोठा केला तर त्यातच ऊन भरतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता आठ-दहा तास धरून ठेवते, म्हणजे ती आत सोडायला लागते रात्री दहा-अकराला. जुन्या काळी माणसं त्या वेळी माळवदावर झोपायची, घरात नाही. तुम्हाला आत झोपायचं आहे, म्हणून रात्री घराला हवा लागली पाहिजे. दुपारी पारा चाळिशीपार गेला तरी पहाटे २५ च्या आसपास उतरतो, तो गारवा दगडात भरून घ्यायचा. प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन खिडक्या: एक जमिनीपासून दोन फुटांवर, दुसरी छताला लागून जाळीची. गरम हवा वरच्या जाळीतून जाते. उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊला खिडक्या लाकडी फळ्यांनी बंद, संध्याकाळी बाहेर आतल्यापेक्षा गार झालं की सताड उघड्या. हे पाळलं नाही तर अडीच फुटी भिंतही भट्टी होते. दोन साधे तापमापक, एक आत एक सोप्यात, टांगून ठेवा, म्हणजे वाद होणार नाहीत.

हवा कोरडी असल्याने कूलर आणि वाळ्याचे पडदे मराठवाड्यात छान चालतात, पण कूलर चालू असताना समोरची खिडकी अर्धी उघडी हवी. बंद खोलीत तासाभरात दमट होतं.

ओळंबा
आता छताची रचना, कारण प्रश्न तिथेच अडला होता. दोन वाटा आहेत.

पहिली, जुन्या लाकडावर. प्रत्येक तुळई-कडी टोचणीने टोचून आणि हातोडीने ठोकून बघा, भदभद आवाज आला तर आत पोकळ. कुजलेली टोकं निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, वीतभर तरी जाईल. म्हणून १२ फुटी कडी १० फुटांच्याच गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) धरा. कडी ३ × ७ इंच, दीड फुटावर एक. वर शहाबादी फरशी किंवा फळ्या, त्यावर बारीक जाळीसह ५० मिमी काँक्रीट, मग माती. हे ५० मिमी काँक्रीट वगळू नका: छत एकसंध पाट होतं आणि भूकंपात सगळ्या भिंतींना एकत्र धरतं. कड्यांची टोकं छताच्या पट्ट्याला लोखंडी पट्टी आणि बोल्टने जखडा, भिंतीत मसाल्यात गाडू नका. टोकाभोवती अर्धा इंच हवा हवी, नाहीतर पुन्हा तिथेच कुजणार. गाळा १० फुटांपेक्षा मोठा असेल तर लाकडाच्या जागी लोखंडी सेक्शन घ्या.

दुसरी, स्लॅब, पण कौलं घातलेला. दोन मंगलोरी कौलं तोंडाला तोंड लावून सळ्यांच्या चौकटीत ठेवायची, मध्ये पोकळी राहते. ज्या काँक्रीटचं ताणाच्या बाजूला काही काम नसतं ते वाचतं, साधारण १५ ते २५ टक्के. कौलं आदल्या दिवशी पाण्यात बुडवा, कोरडी असतील तर काँक्रीटचं पाणी शोषतात आणि तिथे ठिसूळ भेगा पडतात. दोन जोड्यांमध्ये किमान ३-४ इंच जागा, भिंतीलगत फूटभर आणि न्हाणीवर कौलं नको. एकट्या कौलांनी घर गार होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, वरचा थर लागेलच.

पन्हळ_आणि_वाटा
ओळंबांशी एक मतभेद. स्लॅबवर थेट माती टाकू नका. माती सहा महिने ओल धरून ठेवते, स्लॅबमधली बारीक चीरसुद्धा तिच्याखाली दिसत नाही, आणि सळ्या गंजायला लागल्यावरच कळतं. स्लॅब घेतला तर वर कुंभाराकडची छोटी मडकी उपडी मांडा, मधल्या फटी विटांचा चुरा आणि चुन्याने भरा, वर ५० मिमी चुना-काँक्रीट आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. मडक्यातली बंद हवा रोधकाचं काम करते. उतार शंभर फुटाला एक फूट तरी हवा. भिंत आणि छत मिळतात तिथे गोल वाटा (कोपरा भरणारी मसाल्याची गोलाई), चार इंचांचा. बहुतेक गळती छताच्या मधून नसते, या कोपऱ्यातून आणि पन्हळीच्या तोंडातून असते.

लाकडावरच्या पहिल्या पर्यायात माती हवीच असेल तर काँक्रीटवर जलरोधक थर, मग माती, आणि कडेला फूटभर रुंद खडीची पट्टी, म्हणजे पाणी पन्हळीपर्यंत सरकेल. मातीवर पांढरीचा शेवटचा इंच, ओलसर असताना बडवून. त्यावर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. चुना आदल्या रात्री भिजवा, कापडातून गाळा, त्यात थोडा डिंक किंवा तांदळाची खळ. नवा चुना बहुतेक ऊन परतवतो, धुळीने दोन उन्हाळ्यांत तो मळका होतो आणि परिणाम निम्म्यावर येतो, म्हणून दरवर्षी.

आतून सिमेंटचा गिलावा करू नका. चुना-वाळू १:३ चा गिलावा, किंवा माती, वाळू आणि गव्हाचा भुसा आठवडाभर भिजवून तुडवलेला लेप. दगडी भिंतीतली ओल त्यातून सुकते. सिमेंटमागे ती अडकते आणि जोत्यापासून दोन-तीन फुटांवर खारे फुगे येतात. जोत्याच्या पट्ट्यावर ओलरोधक थर दिला असेल तर हे निम्मं कमी होतं.

शिवार_औसा
सगळ्यांचे आभार. तर ठरवतो: मुरमावर पाया, १८ इंची भिंत, जोडदगड, तीन पट्टे, लाकडावर ५० मिमी काँक्रीट आणि १५ सेमी माती. एकच शंका: न्हाणीवर आणि पाण्याच्या टाकीखाली पण हीच रचना?

दोनपदरी
नाही. न्हाणीवर साधा १२५ मिमी स्लॅब. टाकी घराच्या छतावर ठेवूच नका. १००० लिटर म्हणजे एक टन, तेही सगळ्यात वर, आणि गळाली की थेट लाकडावर. पश्चिमेला न्हाणीशेजारी आठ-नऊ फूट उंचीचा वेगळा चौथरा बांधा, टाकीची सावली त्या भिंतीवर पडेल. वाळवीचं औषध पायाच्या चरात, जोत्याच्या भरावावर आणि कड्यांच्या टोकांना, हे तीनही हात बांधकाम चालू असतानाच मारून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही.